अवसेला पवनचक्की थांबायची

मांजरी गावातल्या आमच्या शेतात विहिरीवर पवनचक्की होती. आजही आहे, तिचं शेत तेवढं गेलं. उसाच्या जागी आता आमची सोसायटी उभी आहे आणि पाचव्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीतून तिचं चाक अगदी डोळ्यांसमोर येतं. लहानपणी ते आभाळात असायचं.

वारा सुटला की चाक फिरायचं, खाली लोखंडी दांडा वरखाली व्हायचा आणि विहिरीचं पाणी हौदात पडायचं. खट, मग पाणी. खट, मग पाणी. दुपारची मी हौदाच्या कडेला त्या आवाजावर झोपी जायचे. झोपेत वाटायचं, सगळं शेतच हळूहळू वर वर चाललंय, ऊसही आणि मीही. जाग यायची तेव्हा सावली अंगावरून पार सरकलेली असायची. तसली झोप पुन्हा नाही लागली बाई, गोळी घेऊनही नाही.

अमावास्येला मात्र शेत गप्प. आमच्याकडे त्या दिवशी बैल जुंपत नाहीत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चक्कीलाही तीच सुट्टी लावून दिली होती. सकाळीच दांडा दोराने बांधायचे, हळदकुंकू वाहायचे. मी म्हणायचे, "अहो दादा, लोखंड आहे ते!"

"आगं, राबती न्हवं ती? मग दमती बी."



सोसायटीच्या सभेत ठरलं, की पवनचक्की हा गावाचा वारसा आहे, ती जपायची. दादा माझ्याकडेच राहतात. त्यांनी आनंदाने अख्ख्या जिन्यात पेढे वाटले. चाक फिरतं ठेवायचं की नाही, हे एक इंजिनिअर बघून सांगणार होता. मी कमिटीची सचिव, तारीख मीच दिली, सगळ्यांच्या सोयीचा रविवार बघून. कॅलेंडरवरचा काळा गोल काही माझ्या लक्षात आला नाही.

त्या दिवशी मी एका लग्नाला गेले होते. दादांनी सकाळीच बांधलेला दोर इंजिनिअरने सोडायला सांगितला. दादा म्हणाले, "आज अवस हाय. उद्या या." उद्या कोण येतंय! त्याने अहवाल दिला: यंत्र बंद आहे, चाक वेल्डिंग करून पक्कं करावं.

सभेत मी बोलू शकले असते. पण चाकाच्या आवाजाच्या तक्रारी येतच होत्या. पुन्हा तपासणी, पुन्हा सभा, पुन्हा तीच भांडणं. कंटाळा आला होता मला. खरं सांगते, निव्वळ कंटाळा. ठरावाखाली मी सही केली.

चक्कीला पांढरा रंग दिला, दिव्यांच्या माळा सोडल्या, 'आपला वारसा' अशी पाटी लावली. लोक फोटो काढतात. 

परवा संध्याकाळी जोराचा वारा सुटला. चाक जागचं हललं नाही, पण मागचं शेपूट करकरलं आणि अख्खं डोकं सावकाश वळून वाऱ्याकडे तोंड करून थांबलं. दादा खिडकीत बसले होते.

"वारं आलेलं तिला कळतंय गं अजून," ते म्हणाले.

मला बघवेना. पडदा ओढू का, म्हणून विचारलं.

"नको. तिच्यापाशी कुनीतरी बसाया पायजे."