पंपाचा फ्यूज मीच काढला होता

मंडळी, या इलेक्ट्रिकच्या जुगाडांच्या ग्रुपवर ज्याला त्याला "आधी फ्यूज लावा" म्हणून दटावणारा मीच. आज मला शिव्या घाला.

सकाळी पुतणीला तान्ह्या पोळ्यात पोरांसोबत मिरवायला फोमचा बैल कापून देत होतो. तापवून फोम कापायची नायक्रोम तार भावाच्या फवारणी पंपाच्या बॅटरीला जोडली. तार आखूड होती, त्यामुळे जास्त करंट ओढायची आणि बॅटरीवरचा पंपाचा फ्यूज उडायचा. लांब तार घ्यायची सोडून मी फ्यूजच्या जागी तांब्याची वायर पिळून बसवली. बैल झकास झाला. बॅटरी परत पंपात गेली, पण ती वायर काढायची राहून गेली.

दुपारी भाऊ धानावर फवारणी करत होता. पाठीवरच्या पंपातच शॉर्ट झालं, आणि उडायला फ्यूज नव्हताच. धूर निघाला तसा त्याने पंप बांधीतल्या चिखलात फेकला. तरी कमरेवर तळहाताएवढं भाजलं.

घरी वहिनी त्याला मलम लावता लावता रडत होती. "माहीच चूक झाली जी. बॅटरी रातभर चार्जिंगले लावून ठेवली ना मी!"

भाऊ म्हणाला, "जाऊ दे, तुले काय मालूम."

मी समोरच बसलो होतो. फोन उघडून हे लिहायला घेतलं.

तुम्हा अनोळखी लोकांपुढे एवढं सगळं लिहून झालं. वहिनी पलीकडे भात रांधून राहिली आहे. तिथवर जायले माझे पाय काहून उठून नाही राहिले, सांगा.