डबा ढिला केला त्याची गोष्ट

फुशारकी मारायची खोड मला पहिल्यापासून आहे. मी आनंदनगर एमआयडीसीत टर्नर. एकतीस वर्षं लेथवर उभा आहे आणि माझ्या हातचा पार्ट कधी परत येत नाही, हे मी भेटेल त्याला ऐकवतो. रिक्षावालाही सुटत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक माझ्या बोटाला कळतो. आमटीत मीठ नाही हे मात्र दुसरा घास घेईपर्यंत कळत नाही, असं माझी बायको अस्मिता म्हणते.

अस्मिताचे वडील, हिरामण मामा, मालगाडीवर गार्ड होते. मालगाडीच्या शेपटीला तो ओट्याचा आणि कठड्याचा छोटा डबा असतो ना, त्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली, तेव्हा आम्ही त्यांना पालेगावला आमच्या फ्लॅटवर आणलं. तेव्हापासून माणूस मिटतच चालला. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं, वाढलेलं अर्धं खायचं, काही विचारलं तर "हूं". डॉक्टर म्हणाले, तब्येतीला काही झालेलं नाही, पण असेच राहिले तर होईल. त्यांना कशात तरी गुंतवा. अस्मिता ओट्याशी उभी राहून रडली. बायको रडायला लागली की माझं तोंड आपोआप सुटतं.

"मी मामांना त्यांचा डबा करून देतो," मी म्हणालो. "हुबेहूब. हात लावला की बोलायला लागतील."

बोलायला काय जातंय? मी तो डबा जन्मात फक्त रेल्वे फाटकाबाहेर उभा राहून पाहिलेला, तोही निघून जाताना. शेवटी मापं मामांनाच विचारली. त्यांनी दोन्ही हात पसरले. "दार एवढं. बाकडं माझ्या गुडघ्याएवढं. ब्रेकचं चाक इथं, छातीसमोर." सलग दहा मिनिटं बोलले. अस्मिता दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून माझ्या लक्षात आलं की आता माघार नाही.

मूळ डब्याचा आठवा भाग करायचा ठरवला, म्हणजे सव्वातीन फूट लांब. पत्रा उल्हासनगरहून आणला. तिथल्या भूपेशनं छोटी बेअरिंगं दाखवली. "साहेब, घ्या. एकदम मक्खन चालेल." मक्खन म्हटल्यावर मी विरघळलो. चाकं सुपरवायझरला विचारून जेवणाच्या सुट्टीत लेथवर काढली. दारं अशी बसवली की फटीतून कागद जाणार नाही. दोन भागांमध्ये हलायला जागा राहिली तर आम्ही त्याला प्ले म्हणतो, आणि आमच्या धंद्यात प्ले म्हणजे बेअब्रू. छपराखाली रबराच्या पट्ट्यासुद्धा घातल्या. मग अकरा दिवस रंगकाम केलं, बारीक ब्रशनं अक्षरं काढली. बाराव्या दिवशी अस्मितानं चहा ठेवता ठेवता विचारलं, "हे बाबांना दिसणार आहे का?"

मी ब्रश धुवायला गेलो. सहा महिन्यांत हा प्रश्न माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

रविवारी डबा मामांच्या पायाशी ठेवला. त्यांनी कठडा चाचपला, दार उघडलं, बोटानं बाकडं शोधलं, ब्रेकचं चाक फिरवलं. चाकांवर ब्रेक लागले. मी अस्मिताकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मग त्यांनी डबा फरशीवर ढकलला. डबा आवाज न करता गॅलरीच्या टोकाला गेला आणि भिंतीशी थांबला.

"छान आहे," मामा म्हणाले. असं ते दुधीच्या भाजीलाही म्हणतात.

माझं डोकं फिरलं. "मामा, चुकलं काय ते स्पष्ट सांगा. सहा महिने घातलेत मी."

"चुकलं काहीच नाही, कैलासराव. चुकायला हवं होतं." मग म्हणाले, "आमचा डबा असा गुपचूप जायचा नाही. आत बसलं की दात वाजायचे. छप्पर, दार, साखळी, सगळं बोलायचं. त्यावरून मला कळायचं गाडी कुठं आहे, ब्रेक धरलाय की सुटलाय. मी नोकरी कानानं केली हो. हा कुणा साहेबाचा डबा झाला." आणि परत "हूं" वर गेले. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

दोन दिवस मी घरात फुगून बसलो. तिसऱ्या दिवशी डबा खोलला. बेअरिंगं काढली, त्यांच्या जागी साधे बुश, म्हणजे धातूच्या नुसत्या नळ्या घालायचं ठरवलं. पण कारखान्यात लेथवर त्यांचं भोक मोठं करायला हात धजेना. पहिल्यांदा केस मावेल एवढंच वाढवलं, मग लाज सोडून पुरे दोन मिलिमीटर. बाजूच्या मशीनवरच्या उन्मेषनं ते पाहिलं. "काका, नंबर वाढला का चष्म्याचा?" मी हो म्हणालो. काय सांगणार, मुद्दाम बिघडवतोय म्हणून? घरी येऊन रिव्हेट सैल केले, रबर उपटलं, दाराची कडी लोंबती ठेवली, कठड्याला एक साखळी अडकवली. इतकं वाईट काम मी शिकाऊ असतानाही केलं नव्हतं.

शनिवारी दुपारी डबा पुन्हा मामांपुढे ठेवला. त्यांनी तो बेतानं ढकलला. फरशीच्या पहिल्या सांध्यावर चाक आपटलं. छप्पर थडथडलं, दार आदळलं, साखळी वाजली, आणि प्रत्येक सांध्यावर सगळं पुन्हा. अस्मिता हातातलं टाकून बाहेर आली.

मामांनी डबा मागे ओढला आणि परत ढकलला. या खेपेला त्यांचे पाय आपसूक फाकले, तळवे फरशीवर रोवले गेले, आणि डाव्या हातानं त्यांनी गॅलरीचा गज घट्ट पकडला. मान किंचित कलली होती.

"घाट उतरतोय," ते म्हणाले. "उभे काय राहिलात, कैलासराव? धरून बसा."

मी खाली फरशीवर बसलो आणि गज धरला.