माकणीचा सौर पंप आणि साहेबांचा हार

मला ऊन सोसत नाही. म्हणून पुण्याहून निघताना छत्री, टोपी आणि पाण्याच्या दोन बाटल्या असा सगळा जामानिमा घेतला होता. तरी धाराशिव स्टेशनाबाहेरचा लख्ख उजेड पाहून मी टोपी कानांपर्यंत ओढली. माझ्या मित्राची थोरली बहीण सिंधूताई माकणीला राहते. तिच्या शेतात सौर पंप बसला होता आणि त्याच्या उद्घाटनाला एक नेते येणार होते. मित्राला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याने मला पाठवलं.

एसटीत डिझेलचाच विषय चालला होता. शेजारचे आजोबा म्हणाले, डिझेल वाढलं की नांगरटीचा दर वाढतो, पण डिझेल उतरलं तरी तो काही उतरत नाही. उद्घाटनाला येणारे हे नेते सभांमधून सांगत, तेल परदेशातून येतं, ऊन मात्र आपल्या बांधावर पडतं, तेव्हा डिझेलची इंजिनं विकून टाका. लोक टाळ्या वाजवून घरी जात. सिंधूताईच्या यजमानांनी, दत्तूभाऊंनी, ते मनावर घेतलं आणि आठवड्यापूर्वीच इंजिन विकलं.

ताईने बांधावरच भाकरी, शेंगांची चटणी आणि ताक वाढलं. माझी विचारपूस करत होती, पण नजर कांद्याच्या वाफ्यांवर होती. लावणीला तीन दिवस झाले होते आणि आंबवणी (लावणीनंतरचं हलकं पाणी) आजच द्यायला हवी होती.

"काल बसवणाऱ्यांनी चालवून दावला तवा पंप लई झ्याक चालला," ती म्हणाली. "आज पूजा झाल्याबिगर चालू करायचा न्हाय म्हणत्यात. रोप माना टाकायलंय."

मी उगाच घड्याळ पाहत राहिलो. अकराचे नेते दोन वाजता आले. तोवर दत्तूभाऊंनी पंपाच्या प्रत्येक सौर प्लेटला हळदकुंकू लावून झेंडूचे जाडजूड हार घातले होते. नवं यंत्र पूजेवाचून सुरू करायचं नाही, ही त्यांच्या घरची रीतच. साहेबांनी आणखी एक भलामोठा हार मधोमध चढवला आणि बटण दाबलं. पाइपातून चूळ भरण्यापुरतं पाणी आलं आणि थांबलं.

साहेबांनी क्षणभर पाइपाकडे पाहिलं आणि सरळ भाषण सुरू केलं. तेलाचे भाव दुसऱ्यांच्या हातात आहेत, आपलं इंधन आपणच पिकवायचं, असं ते म्हणाले आणि मला ते पटतही होतं. मागे त्यांच्या तीन गाड्यांची इंजिनं गारव्यासाठी चालूच होती.

ताई माझ्याजवळ सरकली. "भाऊ, हारांनी ऊन झाकलंय. मघापासून सांगायलेय, पण ह्ये ऐकंनात."

दत्तूभाऊंनी ऐकलं. "साहेबांच्या हातचा हार हाय," ते हळूच म्हणाले. "ते हायत तवर हात लावायचा न्हाय. वाईट दिसतं."

भाषण तासभर चाललं. मग चहा झाला, फोटो झाले. वाफ्यांतली रोपं एकेक करून आडवी होत होती आणि मी, पाहुणा माणूस, हातात कप घेऊन गप्प उभा होतो. त्याची मला अजून लाज वाटते.

गाड्या हलल्या तशी ताई धावत जाऊन हार ओढू लागली. मीही धावलो. छत्री कुठे टाकली, ते आठवत नाही. शेवटचा हार निघाला, मोटार गुणगुणली आणि पाइपातून धो धो पाणी पडलं. दत्तूभाऊ खोरं घेऊन वाफ्यांत शिरले, ते वर पाहीनातच. मी निघालो तेव्हा ऊन कलंडलं होतं आणि धार बारीक झाली होती.

परतीच्या एसटीत कुणाच्या तरी मोबाइलवर साहेबांची पुढच्या गावची सभा लागली होती. "माकणीत मी आज या डोळ्यांनी पाणी बघून आलो," ते सांगत होते. मला संताप आला. मी ताईला फोन लावला.

"निम्मं भिजलं," ती म्हणाली. "निम्मं उद्या. ऊन पडलं तर."

"आणि नाही पडलं तर?"

"इंजिन तर गेलं की, भाऊ."

स्टेशनावर उतरलो तेव्हा पश्चिमेला ढग दाटत होते. छत्री माकणीतच राहिली होती. गाडी येईपर्यंत मी त्या ढगांकडेच पाहत होतो, आणि उद्या कडक ऊन पडू दे, असं आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होतो.