मास्तरांच्या मापाचं जाकीट

गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत आणि त्यांच्या ‘उद्या’वर कोणी विश्वास ठेवत नसे. कपडे मागायला गेलं की एकच उत्तर: झालंच आहे, फक्त काज-बटण राहिलंय. बारसं उरकलं तरी बापाच्या लग्नातल्या कोटाचं काज-बटण राहिलेलंच, असा विनोद होता.

दर दोन तासांनी मास्तर चालतं मशीन थांबवून जिन्याने वर घरात जात आणि वीसेक मिनिटांनी खाली येत. वर जाऊन आडवे होतात, असं समोरच्या न्हाव्याने ठरवलं आणि ते गल्लीने मान्य केलं.

वर त्यांची बायको होती. चार वर्षांपूर्वी तिची डावी बाजू लुळी पडली. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मास्तर तिची कूस बदलत, पाणी पाजत, चादर ओली असली तर तीही बदलत. ती अंथरुणाला खिळली आहे हे गल्लीला ठाऊक होतं; तिचं करायला कोणी बाई येत असेल, असं लोक धरून चालले होते. आजारपणाच्या पहिल्याच महिन्यात ती मास्तरांना म्हणाली होती, “माझ्यापायी तुमचं काम अडलं तर मी बहिणीकडे जाईन.” तेव्हापासून धंदा मंद आहे, आपल्याला वेळच वेळ आहे, असं ते तिला सांगत आले. खरं गल्लीत बोलले असते तर कोणीतरी ते वर पोहोचवलं असतं. म्हणून लोकांकडून आळशी म्हणवून घेणं त्यांनी पत्करलं.

यंदा गल्लीतल्या तरुणांनी कला-उत्सव काढला. भिंती रंगल्या, गच्च्यांवर गाणी झाली आणि चौकात गल्लीतल्याच माणसांवर नाटक ठरलं. ते बसवणारी मुलगी एका राखाडी जाकिटासाठी दुकानात आली. घालणारा तुमच्याच अंगाचा आहे, तुमच्याच मापाने शिवा, म्हणाली. घालून कोण होणार, हे मास्तरांनी विचारलं नाही. चार दिवसांत जाकीट दिलं, वर अस्तर पदरचं लावलं. त्या वर्षी वेळेवर गेलेलं ते एकच काम.

आपलं जाकीट चौकात मिरवणार म्हणून त्यांनी बायकोलाही न्यायचं ठरवलं. न्हाव्याने एका बाजूने खुर्ची धरली. चार वर्षांनी ती जिना उतरली. लोकांनी पुढची जागा दिली.

जाकीट आलं ते गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल घेऊन. काज-बटणाचं वाक्य पडताच चौक हशाने फुटला. दारात नवरदेव बनियनवर ताटकळतोय आणि जाकीट शिडी चढून घोरतंय. पुन्हा खाली, पुन्हा वर. न्हावी डोळे पुसत म्हणाला, “खरे मास्तरसुद्धा एवढे मास्तर नाहीत.” मास्तरही हसले. न हसते तर कोणी कारण विचारलं असतं.

जाकीट तिसऱ्यांदा शिडी चढलं तेव्हा बायकोने विचारलं, “लोकांना खरंच असं थांबावं लागतं?”

नाटकवाले तिखटमीठ लावतातच, मास्तर म्हणाले.

“तुम्ही वर येऊन झोपत नाही,” ती म्हणाली आणि उरलेलं नाटक तिने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने बहिणीला फोन लावायला सांगितलं. मास्तरांनी टाळलं, समजावलं, शेवटी रागावले. तिने पाणी प्यायचं सोडलं. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी फोन लावला आणि रविवारी साडू गाडी घेऊन आला. निघताना तिने पाण्याचा पेला आपणहून मागितला.

आता कपडे सांगितल्या दिवशी मिळतात. न्हावी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, नाटकाचा गुण आला. ती मुलगी तर पुढच्या वर्षी मास्तरांचा सत्कार करायचं म्हणते आहे.

दोन महिन्यांनी मेहुणीचा फोन आला. पाठीला जखम झाली होती, तळहाताएवढी. मास्तरांनी मशीनवरून पाय काढला आणि विचारलं, कूस किती तासांनी बदलता?

मेहुणीच्या घरात तीन नातवंडं आणि तिची स्वतःची नोकरी.

“जमेल तशी, भावोजी,” ती म्हणाली.