हौशाचं दावं

मेलेल्या जनावराला हात लावण्याआधी तो पायातल्या वहाणा काढायचा. मग गळ्यातलं दावं सोडायचा, झटकायचा आणि दोन्ही हातांवर आडवं धरून मालकापुढे उभा राहायचा. "घ्या. दावं घरचं असतंय." तुम्ही गोठा असलेल्या घरात वाढला असाल तर तुम्हाला कळेल. जनावर गेलं हे तोवर मनाला पटलेलं नसतं. रिकामं दावं हातात आलं की मात्र बायाबापड्यांना रडू फुटे.

हा आमच्या नगरपालिकेच्या कचेरीचा गाडीवाला. सोलापुरात तेव्हा घरोघर गाईम्हशी असत, आणि एखादी मेली की पायाला दोर बांधून रस्त्यातून गावाबाहेर ओढत न्यायची जुनी रीत होती. ती मोडावी म्हणून कमिटीने एका बैलाचा छकडा आणि एक माणूस मंजूर केला. मी आरोग्य खात्यात कारकून, त्यामुळे त्याची माझी रोजची गाठ. माणूस माढ्याकडचा, मिशा पिकलेल्या. जातीमुळे त्याला कुणी उंबऱ्याआत घेत नसे, आणि कामामुळे रस्त्यातही कुणी थांबून बोलत नसे. "माजी गाडी दिसली की लोकांना घरची कामं आठवत्यात," असं म्हणून तो स्वतःच हसायचा. आपणही हसावं की गप्प राहावं, हे मला कधी ठरवता आलं नाही.

बोलायला त्याला एकटा हौशा होता. हौशा म्हणजे छकड्याचा बैल, कचेरीच्या मालकीचा. नाव हौशा, पण चाल पेन्शनीला आलेल्या हेडक्लार्कची. "जरा डावीकडनं घे बाबा, तितं सावली हाय," असं दिवसभर त्याच्याशी चाललेलं असे. घरी कोण कोण असतं, असं मी एकदा विचारलं.

"मी हाय की," तो म्हणाला. "आन् दारात हौशा."

एकदा शुक्रवार पेठेत एका तेलुगू विणकराची म्हैस गेली. मीही बरोबर होतो. विणकराची म्हातारी आई दाव्याला हात लावीना. "वद्दु, वद्दु," नको, नको, म्हणत ते परत लोटू लागली. दुसरी म्हैस आणायची ऐपत नव्हती, दावं घेऊन करायचं काय? ऊन रणरणत होतं. टाक ते गाडीत आणि चल, असं मी म्हणालो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट सावलीला जाऊन उभा राहिलो.

"कुणीतरी धरा की," तो म्हणाला. "हिला अशी बेवारशी कशी न्हेऊ?"

शेवटी म्हातारीनेच ते घेतलं आणि तोंडावर दाबून धरलं. मग तिच्या दोन मुलांनी हात लावला आणि म्हैस गाडीत चढली.

गाडीचा खर्च दरसाल नव्याने मंजूर व्हायचा. सभेच्या दिवशी तो आवारातल्या लिंबाखाली बसून राही, आणि मी बाहेर आलो की एवढंच विचारी, "गाडी ऱ्हायली का?" राहिली म्हटलं की हौशाच्या पाठीवर थाप पडे.

एके साली राहिली नाही. तिजोरीत खडखडाट होता. ज्याचं जनावर त्याने निस्तरावं, असं एक सभासद म्हणाले. त्यांच्या घरी जनावर नव्हतं, मोटार होती. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी बाहेर येऊन सांगितलं.

"म्हंजे परत फरफटत?" एवढंच त्याने विचारलं.

छकडा आणि बैल लिलावात निघाले. माणसं आली, बघून मागे सरली. मढी वाहणारा बैल आपल्या दारात कोण बांधणार? कचेरीची मोठी पंचाईत झाली. बैल विकला जाईना आणि चाऱ्याला मंजुरी नाही. "मी सांबाळतो की," तो म्हणाला, आणि बिनपगारी गाडी जुंपत राहिला. मिळेल ती मजुरी करून कडबा आणायचा. दोघेही वाळत चालले होते. कशाला एवढं करतोस, असं मी विचारलं.

"दावं सोडायला कुणीतरी पायजे न्हवं?"

उन्हाळ्यात एका सकाळी तो कचेरीच्या आवारात अनवाणी उभा दिसला. हातांवर आडवं दावं होतं.

"हौशा गेला, सायेब. घ्या."

बाहेर आलेले आमचे मोठे साहेब गोंधळले. बैलाचा खर्चच मंजूर नाही, तर दावं जमा कशात करायचं, असं पुटपुटत आत गेले. शिपाई मागे सरकला. ऊन चढत गेलं, तरी तो उभाच.

"त्यो तुमचा हुता. कुणीतरी धरा की."

मला राहवेना. मी पायऱ्या उतरलो आणि ते दोन्ही हातांनी घेतलं. इतक्या दारांत इतक्या लोकांना रडताना बघितलेला तो माणूस तेव्हा माझ्यासमोर रडला.

हौशाला त्याने फळ्यांवरून रेटत रेटत त्याच छकड्यात घातलं आणि जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं. छकडा हलेना. शुक्रवार पेठेतल्या त्या म्हातारीच्या मुलांना कुठून तरी कळलं असावं. दोघे आले आणि मागून रेटू लागले. रस्त्यावरची माणसं नेहमीसारखी बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी छकडा स्वच्छ धुऊन आवारात उभा केलेला होता. तो मात्र पुन्हा दिसला नाही. माढ्याकडचं कुणी भेटलं की मी चौकशी करत राहिलो, पण कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्याची फार आठवण येते.

दावं माझ्या घरी खुंटीला आहे. आमच्याकडे जनावर कधीच नव्हतं, आणि ते कशाला ठेवलंय, हे घरचे आता विचारत नाहीत. गावात पुन्हा ओढत न्यायची रीत सुरू झाली. परवा आमच्या गल्लीतून एक गाय अशीच चालली होती, गळ्यात दावं तसंच. मी चप्पल न घालताच धावत गेलो.

"अहो, आधी दावं सोडा की!"

ओढणाऱ्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोर दुसऱ्या खांद्यावर घेतला.