प्लास्टिकची पुराणी कळशी

भांडुप स्टेशनबाहेर एक काका नव्याकोऱ्या प्लास्टिकच्या कळश्या म्हाताऱ्या करून विकायचे. आधी तांब्याचा रंग, मग स्पंजने हिरवट डाग. प्रत्येक डागानंतर मान तिरकी करून, एक डोळा मिटून स्वतःवरच खूश व्हायचे.

मी एक कळशी हॉलमध्ये मांडली. सुनेच्या राज्यात तांबं असं कळकट? आईला बघवेना. तिने चिंच-मीठ लावून ती घासघास घासली, तेव्हा आतून निळं प्लास्टिक बाहेर आलं.

मी तणतणत काकांकडे गेलो. "वाट लागली ना हिची! आईने चिंचेने घासली."

काकांचा चेहरा उजळला. "चिंचेने? साबणाने नाही ना?"

"नाही."

त्यांनी रंगाने बरबटलेले हात जोडले. "आईंना माझा नमस्कार सांगा."