दुसरा नारळ
घणसोलीच्या खाडीला ओहोटी लागली, की उघड्या चिखलाचा वास आमच्या ओट्यापर्यंत येतो आणि मला ती दुपार आठवते. धाकटा पोरगा तेव्हा ऑस्ट्रेलियाच्याही पलीकडे, पॅसिफिकमधल्या एका बेटावर धक्का बांधायच्या कामाला होता. नकाशात ते बेट तांदळाच्या दाण्याएवढं. आम्ही जेवत होतो आणि टीव्हीवर सांगितलं, की तिथं समुद्राखाली भूकंप झालाय, किनाऱ्यावरचं पाणी लांब मागे गेलंय, आता मोठी लाट येणार. माझा घास हातातच राहिला. पाणी मागे गेलं की टोपली घेऊन चिखलात पळायचं आणि शिंपल्यातल्या तिसऱ्या वेचायच्या, हे पोराला मीच शिकवलेलं. बायको म्हणाली, "फोन लागत नाय. तो चिखलात उतरला असंल का हो?" मी म्हणालो, "माझा पोरगा हाय, त्याला पान्याची अक्कल हाय." पण अक्कल माझीच होती, म्हणून तर ताट सारून ओट्यावर आलो. समोर आमची खाडी रिकामी पडलेली, आणि तिच्यात मला त्याची वाकलेली पाठच दिसत होती. संध्याकाळी फोन आला. "बाबा, मी टोपली घेऊन निघालोच होतो. इथल्या एका म्हातारीनं काठी उगारून मला टेकडीवर हाकललं." "बरं केलं तिनं," एवढंच बोललो आणि फोन बायकोकडे दिला. तेव्हापासून नारळी पुनवेला मी खाडीत दोन नारळ सोडतो. दुसरा कुणाचा, असं कुणी विचारलं तर सांगतो, पहिला कुजका निघाला तर असावा.